पोट उघडं असताना कळलेला शेवट

...आणि शेवट कळला कधी, तर माझं पोट उघडं असताना! आता काय बोलायचं? तुम्हाला सांगतो, ज्या माणसाने उभी हयात 'शेवट सांगू नका, शेवट सांगू नका' म्हणून ओरडण्यात घालवली, त्यापायी सख्ख्या मेहुण्याशी बोलणं टाकलं, त्याच माणसाला आडवं पाडायचं, कमरेखाली बधिर करायचं, दोन्ही हात पट्ट्यांनी बांधायचे, आणि मग शेवट ऐकवायचा! पळणार कुठे? कान झाकणार कशाने? आणि हे मालिकेत दाखवत नाहीत!

थांबा, मी कोण ते राहिलंच. पेपरात रविवारी, शब्दकोड्याच्या वर, 'चौकोनी डोळे' नावाचं सदर येतं बघा... नसेल वाचलं, जाऊ दे, कोडं सोडवण्याआधी पेन चालतं का बघायला लोक ज्याच्यावर रेघोट्या मारतात ना, तेच ते. तो मी. आठवडाभर मालिका बघायच्या आणि रविवारी त्यांची बिनपाण्याने करायची, हा आपला धंदा. त्यातही दोनच प्रकार, हसवणाऱ्या आणि दवाखान्याच्या. बाकी सासू-सुना दुसरा एक गृहस्थ बघतो, त्याची तब्येत दणकट आहे.

तर झालं काय, माझ्या जांघेत एक गोळा आला. लिंबाएवढा. खोकलो की बाहेर, आडवा झालो की आत. बायको म्हणायची, "अहो, दाखवून या." मी म्हणायचो, "हा भाग संपू दे." भाग काय संपतो होय? शेवटी एक दिवस ती टीव्हीच्या पुढ्यात उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर, आणि म्हणाली, "जन्मभर खोट्या दवाखान्यांत मुक्काम ठोकता, आणि खऱ्याच्या दारात पाय ठेवायचा म्हटलं की तुमच्या पोटात गोळा येतो!" म्हटलं, अगं, गोळा आलाय म्हणूनच तर...

पण भीती वाटणारच ना हो! मी बघितलंय ना! मालिकेत नायकाला काहीही होऊ दे, मेंदूत गोळी, काळजात काच, तो उठून गाणं म्हणतो. मरतो कोण? जो किरकोळ दुखण्यासाठी आलेला असतो तो! डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून 'काही नाही हो, छोटंसं ऑपरेशन आहे' म्हणाले, की जाहिरात संपायच्या आत तो गेला म्हणून समजा. आणि आमचे सर्जन पहिल्याच भेटीत खांद्यावर हात ठेवून काय म्हणाले? "काही नाही हो, हर्निया आहे, छोटंसं ऑपरेशन!" माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बरं, वेळ तरी कोणती? 'ठोके' ऐन रंगात आलेली! 'ठोके' म्हणजे दवाखान्याची मालिका. त्यातले मोठे डॉक्टर, त्यांनी पोटच्या पोरीला घराबाहेर काढलेलं, का, तर तिने विचारल्याशिवाय डॉक्टरकी दुसऱ्याच दवाखान्यात सुरू केली. वर्षानुवर्षं अबोला. आणि आता तेच टेबलावर, आणि सुरी पोरीच्या हातात! हात थरथरतोय, बाप डोळे उघडतो, ओठ हलतात... आणि नावं सुरू! पुढचा भाग कधी, तर मी भरती व्हायच्या संध्याकाळी. म्हटलं, दवाखान्यात टीव्ही असेल. होता ना! त्यावर हात कसे धुवावेत हे दाखवत होते. आधी तळवे, मग बोटांच्या फटी, मग नखं, मग पुन्हा तळवे... 'ठोके' लागून संपली असेल, आमच्याकडे नखंच चाललेली.

सकाळी मला झगा दिला. मागून उघडा. नाड्या बांधायला आपले हात पोचत नाहीत, दुसऱ्याला सांगायला तोंड धजत नाही. हे मालिकेत दाखवत नाहीत! मग गाडीवर आडवं घातलं आणि ढकलत नेलं. चष्मा काढलेला, त्यामुळे छतावरचे दिवे एकेक करून माझ्यावरून वाहत चाललेले, पांढरे, लोकरीसारखे... जिन्यापाशी कुणीतरी शिंकलं, तेही मला फार लांबून, नदीच्या पलीकडून आल्यासारखं वाटलं. मालिकेतल्या बायका गाडीमागे धावतात, दारावर मुठी आपटतात. आमची शांतपणे बाजूने चालत होती. दाराशी आल्यावर वाकली. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार, आयुष्यभर बोलली नाही असं काहीतरी. म्हणाली, "चष्मा माझ्याकडे आहे हं." दार बंद!

आत हीऽऽ थंडी. भूल द्यायला एक बाई होत्या, डोळे तेवढे दिसत होते. "काका, मांजरासारखी पाठ वाकवा बरं." वाकवली. पाठीत सुई टोचली, आणि पाय आधी उबदार झाले, मग जड झाले, मग... गेले. म्हणजे होते तिथेच, पण माझे नव्हते. छातीपाशी हिरवा पडदा लावला. बाई म्हणाल्या, "आणखी एक थोडंसं देते. झोप नाही लागायची, नुसते तरंगाल."

तरंगलो हो! काय सांगू तुम्हाला... वर तो मोठा दिवा, एका चंद्राच्या पोटात सात चंद्र. कानाशी ते यंत्र, टुक... टुक... टुक... जणू कुणीतरी फार प्रेमाने दार वाजवतंय आणि उघडायची काही घाई नाही. मी पाण्यावरच्या पानासारखा. खाली कुणीतरी कुणाचं तरी पोट उघडत होतं. म्हटलं, उघडा बापडे.

आणि तेवढ्यात पडद्यापलीकडून सर्जन विचारतात, "सिस्टर, काल 'आत कोण आहे?' बघितलंत?"

आता 'आत कोण आहे?' म्हणजे हसवणारी. सात माणसांचं कुटुंब आणि घरात एकच बाथरूम, बास, एवढ्यावर दोन वर्षं चाललीय. पण मला काय वाटलं असेल सांगा! पोट उघडून हा माणूस विचारतोय, आत कोण आहे? मी मनात म्हटलं, मीच आहे हो, दुसरं कोण असणार!

"काल थोरल्या काकांची कडी अडकली," सर्जन सांगायला लागले, "आणि बाहेर त्यांना बघायला मंडळी आलेली, सिस्टर, साठाव्या वर्षी लग्नाला उभे राहिलेत आणि टॉवेलवर आत कोंडलेत, आणि ती नवरीकडची आत्या दाराला कान लावून विचारते, 'नोकरी कायमची आहे का?'..." आणि हा गृहस्थ हसायला लागला! साधंसुधं नाही, गदगदून! पडदा हलतोय, टेबल हलतंय, माझं पोट त्याच्या हातात, आणि हा हसतोय! सिस्टर ठसक्यात म्हणाल्या, "सर, आधी हे शिवा, मग हसा." हे मालिकेत दाखवत नाहीत!

मग सिस्टरची पाळी. "मला नाही बाई तसलं आवडत. मी 'ठोके'वाली." सर्जन फुरफुरले, "त्यात तो झुलपेवाला डॉक्टर टोपीबाहेर केस काढून ऑपरेशन करतो! माझ्याकडे असता तर दारातूनच हाकलला असता." सिस्टर म्हणाल्या, "ते पेपरात लिहितात ना, चौकोनी डोळे, त्यांनी तर त्याला दहापैकी आठ दिले." आणि सर्जन काय म्हणावेत? "तो? तो माणूस जन्मात कधी दवाखान्यात गेलेला नाही, लिहून घ्या माझ्याकडून!"

अहो, मीच तो! तुमच्या हातात आहे तोच! ओरडायला गेलो, पण जीभ म्हणजे ओली गादी. "मम्... म्म..." एवढंच निघालं. बाई म्हणाल्या, "काका, ठीक आहे ना?" ठीक कसलं... तिकडे सिस्टर सांगत होत्या, "तर काल काय झालं, तिने सुरी उचलली, बापाने डोळे उघडले, आणि..."

नको! सांगू नका! पण काय झालं? नाही, सांगू नका! पण झालं काय?... ह्या ओढाताणीत असतानाच तुम्हाला सांगतो, काहीतरी बिनसलं. अंगाला दरदरून गार घाम. मळमळ. ते सात चंद्र लहान लहान होत चालले. टुक-टुकची चाल बदलली. आणि पलीकडे... सगळे गप्प झाले.

मालिकेत अशा वेळी काय होतं? ढोल वाजतात, विजा चमकतात, चार जण 'आपण त्याला गमावतोय' म्हणून किंचाळतात. खरं असं नसतं. खऱ्यात एकदम शांत होतं. सर्जनचं हसू थांबलं. सिस्टरची गोष्ट अर्ध्यावर राहिली. भूलवाल्या बाई हलक्या आवाजात, जणू मीठ मागतायत, असं काहीतरी औषधाचं नाव म्हणाल्या. सिस्टरने दिलं. बास. त्या शांततेत मला पहिल्यांदा समजलं की हे आपल्याबद्दल चाललंय. मी पानासारखा लांब लांब चाललो होतो, आणि खरं सांगू का, वाईट वाटत नव्हतं, एवढीच रुखरुख होती, तिच्याकडे चष्मा आहे, ती वाट बघत बसेल... आणि तोंडाने मी एकच घोकत होतो म्हणे, "शेवट... शेवट काय... शेवट..."

तेव्हा कपाळावर एक हात आला. गार. आणि कानाशी बाईंचा आवाज, "काका, इकडे लक्ष द्या. मी सांगते. तिने ना, सुरी खाली ठेवली. बाहेर गेली. बाकावर तिची आई बसलेली. आई म्हणाली, किती वेळ लागेल गं? ती म्हणाली, तू घरी जाऊन कुंड्यांना पाणी घालून ये, तेवढा. आई गेली. मग ती परत आत आली. वडिलांच्या कपाळावर हात ठेवला. ऐकताय ना? डोळे मिटू नका, ऐका. इतकी वर्षं तिच्याशी एक शब्द न बोललेला माणूस... तो काय म्हणाला माहितीये? म्हणाला, 'हात किती गार पडलेत गं तुझे.'"

एवढंच. विजा नाहीत, ढोल नाहीत. माझ्या दोन्ही डोळ्यांतून पाणी कानात गेलं, पुसायला हात मोकळे नाहीत. हळूहळू ते चंद्र पुन्हा मोठे झाले. टुक... टुक... सर्जन पुन्हा शिवायला लागले आणि घसा खाकरून म्हणाले, "सिस्टर, खरंच असं झालं काल?" सिस्टर जरा थांबून म्हणाल्या, "हो सर. असंच झालं."

बाहेर आणलं तेव्हा बायको तिथेच. चष्मा माझ्या नाकावर ठेवला, पदराने काच पुसून. मी म्हटलं, "लिहून घे." "काय, मृत्युपत्र?" "परीक्षण!" आणि पाय अजून दुसऱ्याचे, डोकं अजून ढगात, अशा अवस्थेत सांगितलं सगळं, ती कुंड्यांना पाणी, ते गार हात, 'दहापैकी दहा, ह्याच्यापुढे मला काही बघायचं नाही' वगैरे. तिने फोनवर टिपून परस्पर संपादकांना धाडलं. एरवी माझं काही वाचत नाही ती. ते वाचून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली बराच वेळ.

घरी आलो आणि निवांतपणे तो भाग लावला. आणि बघतो तर काय! वीज जाते, झुलपेवाला काच फोडून आत येतो, सुरी हिसकावतो, 'मी करतो' म्हणतो, तेही तीन बाजूंनी तीनदा, बापाचं हृदय बंद पडतं, हा छातीवर गुद्दा मारतो, बाप उठून बसतो! कुंड्या? कुठल्या कुंड्या? आई तर मागच्या वर्षीच दरीत पडून गेलीय!

संपादकांचा फोन, "अहो, लोक चॅनलला विचारतायत, तो गार हातांचा भाग परत कधी दाखवणार! तुम्ही बघितलात तरी कुठला?" म्हटलं, "आतला."

टाके काढायला गेलो, तर सर्जननी डावीकडे दाबून बघितलं. "खोका बरं... हं. ह्या बाजूलाही आहे. करून टाकू कधीतरी." मी म्हटलं, "विचार करून सांगतो," म्हणजे मनात, ह्या जन्मी नाही! आणि बाहेर पडतो तर समोर भूलवाल्या बाई. मी त्यांना धरलंच. "बाई, ती मालिका..." त्या हसल्या, "मी कुठली मालिका बघतेय काका! इथून घरी जाऊन पुन्हा दवाखानाच बघू? तुम्ही सारखं 'शेवट, शेवट' म्हणत होता. टेबलावरच्या माणसाच्या तोंडी तो शब्द मला बरा वाटेना. म्हटलं, काहीतरी चालू ठेवावं."

म्हटलं, "मग पुढे काय झालं? बाप बरा झाला? आई आली परत?"

त्या म्हणाल्या, "आता कसं सांगू? असं उभ्या उभ्या नाही हो सुचत मला. टेबलावर माणूस असला की आपोआप येतं."

झालं! तसाच वळलो, सर्जनचं दार ढकललं, म्हटलं, डावी बाजू करून टाका. बायको म्हणते, डोक्यावर परिणाम झालाय. असेल. पण मला सांगा, बाईंना टेबलावर माणूस असल्याशिवाय सुचत नाही म्हटल्यावर, कुणीतरी आडवं पडायला नको?