बाविसावी चकती

जबाब देणार: अहल्या रघुजी हंचाटे, वय ५८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार मल्लेश्वरम, बेंगळुरू.
दिनांक १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार. वेळ दुपारी १ वाजून ४० मिनिटे.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर होऊन जबाब देते की, मी वरील पत्त्यावर लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे छत्तीस वर्षे राहण्यास आहे. माझे यजमान रघुजी हे अकरा वर्षांपूर्वी वारले. घराच्या तळमजल्यावर आमचे शिवणकामाचे दुकान असून त्यात शाळांचे तसेच शाळांतील कॅडेट मुलामुलींचे गणवेश शिवले जातात. वरच्या मजल्यावर प्राणेश शिंत्रे, मूळ राहणार निपाणी, हे सहा वर्षांपासून सहकुटुंब भाड्याने राहतात. ते बोम्मसंद्रा येथे कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांची मुलगी सुप्रीता, वय १४ वर्षे, इयत्ता नववी, ही तिच्या शाळेच्या एअर विंगमध्ये कॅडेट आहे.

इथपर्यंत हेड कॉन्स्टेबल दयानंद मुतगेकर यांनी आपल्या भाषेत लिहिलं. ते बेळगावकडचे, मराठी चांगलं आहे त्यांचं. पण वाचून दाखवलं तेव्हा मला ते माझं वाटेना. मी म्हटलं, "अण्णा, मी अशी बोलत नाही. बोलते तसं लिहा, नाहीतर सही करायची नाही मी." ते म्हणाले, "सरी, ठीक आहे अक्का, बोला. पण स्वल्प आवरतं घ्या, मला हे सगळं परत कन्नडात करायचंय."

तर एअर विंगच्या मुलांना वर्षातून एकदा लहान विमानात बसवतात. दोघांचंच विमान, एक शिकवणारे सर आणि एक कॅडेट. दहा मिनिटं वर नेतात आणि जरा वेळ विमान वळवायचा दांडा हातात देतात. शाळेतून फक्त चौघांची निवड होते. सुप्रीता त्यात तिसरी आली होती. नववीनंतर ही तुकडी सुटते, म्हणजे यंदा नाही तर मग नाहीच. हे तिनं मला किती वेळा सांगितलं त्याला मोजदाद नाही. मी काज करत असले तरी सांगायची, भाजी निवडत असले तरी सांगायची.

निवडीच्या कागदात एक अट होती, वजन चाळीस किलोच्या खाली चालणार नाही. आमची पोरगी म्हणजे काडी. दसऱ्यापासून मी तिला सकाळी केळी, संध्याकाळी शेंगदाण्याचे लाडू आणि रविवारी लोणी थापलेले बेण्णे दोसे घातले. ते सगळं माझ्याच अंगाला लागलं, तिच्या नाही. कॅडेटचे गणवेश मी तीस वर्षं शिवते. माप घ्यायचं, शिवायचं, इस्त्री करून द्यायचं. तो गणवेश पुढं कुठं जातो हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. हिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

गुरुवारी तेरा तारखेला संध्याकाळी सहा वाजता ती परेडवरून थेट गणवेशाची शेवटची ट्रायल द्यायला आली. माझ्या दुकानात पायताण चालत नाही. कापड आम्ही जमिनीवर पसरून बेततो. बूट दाराबाहेर, हा नियम यजमानांपासूनचा, नगरसेवक आला तरी तोच. तिनं बूट बाहेर काढले, नवा गणवेश घातला आणि मी तिला वजनकाट्यावर उभी केली. अडतीस किलो सहाशे भरली. ती रडली वगैरे नाही. गणवेशाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "अक्का, पाचव्या नंबरच्या मुलीला हा होईल का बघा, थोडा उसवून." मला ते सहन झालं नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

पुढची कल्पना माझी. पडद्याचा काठ सरळ पडावा म्हणून त्यात शिशाच्या चकत्या घालतात. एका कल्याण मंडपाच्या, म्हणजे लग्नाच्या हॉलच्या, पडद्यांतून उरलेल्या माझ्याकडे पडून होत्या. एकेक पासष्ट ग्रॅमची. शुक्रवारी दुपारी त्या मी गणवेशात शिवल्या. कमरपट्टीत, शर्टाच्या काठात आणि पँटच्या खाली मोहरीच्या दुमडीत. मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला मी सांगितलं की कापड जाड घेतलंय, म्हणून जड लागतंय.

आज सकाळी काय झालं ते मला इथं आल्यावर कळलं. साडेसहाला मुलं शाळेच्या बसमधून, तपासणी न होता, सरळ विमानांच्या मैदानात आत गेली. गणवेशावरच वजन झालं, त्यात ती पास झाली. मग एकेकाला विमानात बसवून पट्टे मापाला लावून बघितले. नाश्त्याला सगळ्यांना फाटकाबाहेर सोडलं आणि परत आत येताना तपासणीच्या यंत्रानं तिच्या अंगावर आवाज केला. कमरेला आवाज, पायाला आवाज. रखवालदारानं दुमडीला हात लावला तर आत धातू. तो घाबरला, त्याला मी दोष देत नाही. पोलीस आले, सगळ्यांची उड्डाणं थांबली. बाकीच्या तिघांना दुपारी तीनला नेणार असं ठरलं. हिचं नाव खोडलं.

मी इथं आले ती भांडायच्या तयारीनंच. चौदा वर्षांच्या पोरीला ठाण्यात बसवता, लाज नाही वाटत, असं मी दारातूनच ओरडले. ते शब्द मी मागे घेते, तिला कुणी बोट लावलेलं नव्हतं. तिचे वडील आणि शाळेच्या बाई तिच्याजवळ होत्या आणि तिच्यासमोर चहा होता. ती माझ्याकडे बघेना.

विमान शिकवणारे कार्तिक सर इथंच होते. तीनच्या उड्डाणासाठी ते मैदानावर परत निघाले होते. मी त्यांना म्हटलं, "दीड किलोनं तुमचं विमान काय पडणार होतं?" ते चिडले नाहीत. म्हणाले, "अम्मा, वजनाचं सोडा. विमानात मी खिशात पेनसुद्धा ठेवू देत नाही. खाली पायाशी पेडल असतात. एखादी चकती सुटून त्यांच्या खाली अडकली तर पेडल दबत नाही. वर गेल्यावर ती काढायला वाकता येत नाही." मी म्हटलं, "माझी टीप आजवर सुटलेली नाही." ते म्हणाले, "तुमची नसेल सुटत," आणि गेले.

इथवर लिहून झाल्यावर दयानंद अण्णांनी मला पंचनामा वाचून दाखवला. गणवेशातून काढून सीलबंद केलेल्या शिशाच्या चकत्या एकूण एकवीस.

मी परत वाचायला सांगितलं. त्यांनी परत वाचलं. एकवीस. मी पाणी मागितलं. ते पिऊन मी सांगितलं की वर जे लिहिलंय, मुलीला काही माहीत नव्हतं, ते खोटं आहे. अण्णा म्हणाले, "खोडू का?" मी म्हटलं, "खोडू नका. मी खोटं बोलले हेही दिसू द्या."

खरं असं आहे. शुक्रवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात आली तेव्हा माझ्या एकवीस चकत्या लावून झाल्या होत्या. गणवेश घालून काट्यावर उभी राहिली तर काटा चाळीसच्या केसभर अलीकडे थांबला. मी आणखी एक चकती काढली. ती म्हणाली, "अक्का, ही मी लावते. सगळं तुम्हीच केलं तर माझं काय?" मी सुई दिली. डाव्या पायाच्या मोहरीत तिनं ती लावली. कशी लावली विचारू नका, बुटाची नाडी ओवल्यासारखी. मी मनात म्हटलं, उसवून परत घालावी. मग म्हटलं, राहू दे, हौस आहे पोरीची. तीस वर्षांत दुसऱ्याच्या हातची कच्ची टीप मी दुकानाबाहेर जाऊ दिलेली नाही. ही एक जाऊ दिली.

म्हणजे चकत्या बावीस होत्या. आणि ती विमानात बसून आली होती. मी अण्णांना म्हटलं, "लिहिणं ठेवा, आधी फोन करा. त्या विमानात तीन वाजता कुणाचीतरी पोरं बसणार आहेत." भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. हे बोलले म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं हे लेखी होणार, हे मला समजत होतं.

अण्णा आतल्या खोलीत उपनिरीक्षक कावेरी मॅडमकडे धावले आणि लगेच परत आले. म्हणाले, "अक्का, मॅडमनी फोन केव्हाच केलाय." आत सुप्रीताला पंचनामा वाचून दाखवला तेव्हा तीही एकवीसवर थांबली होती. ती जबाबच देईना. म्हणाली, "बावीस होत्या मॅडम. एक विमानात पडली असेल. आधी विमान थांबवा, मग माझं लिहा." तिचे वडील मध्ये पडायला लागले, तर त्यांनाही तिनं गप्प केलं.

अडीच वाजता मैदानावरून फोन आला. कार्तिक सरांनी खुर्ची काढून बघितली. चकती डाव्या पेडलच्या मागं, पट्टीला टेकून पडलेली होती. मी अण्णांना म्हटलं, हेही लिहा.

मग कावेरी मॅडमनी मला आत बोलावून तिच्या जबाबातला एक भाग वाचून दाखवला. त्यात तिनं लिहून दिलंय की बावीसच्या बावीस चकत्या तिनं स्वतः शिवल्या, अहल्याअक्कांना यातलं काही ठाऊक नाही. अय्यो! मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "मॅडम, हिला सुईत दोरा घालता येत नाही. ते उसवलेले तुकडे मागवा." तुकडे आणले. मी एकेक टीप दाखवली. एकवीस ठिकाणी उलटी टीप, एका मापाची, शेवटी गाठ आत दडवलेली. हा माझा हात आहे, मल्लेश्वरममधल्या कुठल्याही शिंप्याला विचारा. बाविसाव्या जागी नुसता दोऱ्याचा गुंता. तेवढा तिचा. गुन्हा असेल तर त्याचे एकवीस भाग माझे आहेत आणि बाविसावाही अर्धा माझाच आहे, कारण सुई मी दिली आणि बघून न बघितल्यासारखं केलं. पोरगी समोरच होती. म्हणाली, "अक्का, गप्प बसा ना." मी म्हटलं, "तू गप्प बस. मोठी आली वाचवणारी."

कार्तिक सर फोनवरच होते. मॅडमनी त्यांना मुलीचं पुढं काय असं विचारलं. ते म्हणाले, आज नाही. पुढची फेरी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आहे, यादी शाळा करते, आणि शाळेनं या दोन्ही जबाबांची नक्कल मागितली आहे. ती बघून मुख्याध्यापक ठरवतील. मग त्यांनी विचारलं, वजन कसं केलं होतं? मी म्हटलं, दुकानात, काट्यावर, बूट काढून. ते म्हणाले, "अम्मा, वजन पूर्ण गणवेशात धरतात. बुटांसकट."

ठाण्याशेजारच्या औषधाच्या दुकानात वजनकाटा आहे. दयानंद अण्णा, शाळेच्या बाई आणि मी तिला तिथं घेऊन गेलो. अंगात घरून मागवलेला जुना गणवेश, पायात परेडचे बूट, खिसे उलटे करून दाखवलेले. काय भरलं ते आम्ही तिघांनी बघितलं. परत येताना तिनं माझा हात धरला होता.

मुख्याध्यापक हे वाचतील म्हणून एवढंच सांगते. नाव खोडायचं तर चकती लपवली म्हणून खोडा, ते तिनं केलंय. पण चकती हरवली हे तिनं कुणी न विचारता सांगितलं, तेही त्याच कागदावर आहे. दोन्ही वाचा. माझं काय करायचं ते पोलिसांनी ठरवावं, मी घर सोडून कुठं जात नाही. दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं असतं.

वरील जबाब मला दुपारी ३ वाजून ५५ मिनिटांनी मराठीत सावकाश वाचून दाखवला. तो मी बोलले तसाच आहे, कमी नाही की जास्त नाही. वाचताना मी एकच दुरुस्ती सांगितली ती अशी, की वर मुलीचे वजन अडतीस किलो सहाशे असे लिहिले आहे, त्याच्या शेजारी बुटांसकट चाळीस किलो दोनशे असे लिहावे. तसे लिहून घेतले. ते बघून सही केली.

सही: अहल्या रघुजी हंचाटे
समक्ष: दयानंद मुतगेकर, हेड कॉन्स्टेबल