उजव्या गालावरची खूण

…आणि म्हणे हात ओळखू आला पाहिजे. अहो, कुणाचा हात, कसला हात? बावीस वर्षं मी फोटोच्या चौकटी विकल्या, तेव्हा एका माणसानं विचारलं नाही की ही चौकट कुणाच्या हातची. सरळ आहे ना, भिंतीवरून पडत नाही ना, मग बांधा कागदात. सुखाचे दिवस होते हो. आता ह्या हाताच्या नादी लागलो आणि स्वतःच्या घरात चोरासारखा जेवतोय.

सांगतो, पहिल्यापासून सांगतो. मी मूळचा फ्रेमवाला. लाकूड कापायचं, काच बसवायची, मागं पुठ्ठा, चार खिळे, झालं. आतल्या माणसाशी माझा संबंध किती, तर तो उलटा लागू नये इतकाच. पण गिऱ्हाईक म्हणायला लागलं, फ्रेम इथं, फोटो तिथं, दोन फेऱ्या कशाला? मला आयुष्यात एवढं एकच कळतं, गिऱ्हाइकाची फेरी वाचवायची. घेतला कॅमेरा. मागच्या खोलीत एक स्टूल, उजव्या अंगाला खिडकी, भिंतीला करडा पडदा. झाला स्टुडिओ. फोटो कॉम्प्युटरवर साफ करायला मला कुणी शिकवलं? कुणीही नाही. चुकत चुकत शिकलो. सुरुवातीला मुरूम काढता काढता दोघातिघांच्या नाकपुड्या गेल्या, पण शिकलो.

आणि बरं चाललं होतं, तेवढ्यात समोरच्यानं दुकान उघडलं. समोरचा म्हणजे अगदी समोरचा, माझ्या काउंटरवरून त्याचा काउंटर दिसतो. काचेचं दार, आत गारेगार, आणि एक मशीन. त्या मशीनसमोर तुम्ही बसायचं, ते तुमच्याकडे बघतं आणि स्वतःच ठरवतं की तुम्ही खरं म्हणजे किती देखणे असायला हवे होतात. तीन मिनिटांत फोटो हातात. मी एका माणसाच्या एका गालावर पाऊण तास बसणारा. आता सांगा, कोण येणार माझ्याकडे?

त्याच सुमारास मोबाइलवर मला तो गुरू भेटला. रोज सकाळी व्हिडिओ टाकतो, डोक्यावर उलटी टोपी, मागं दोन झाडं. एकदम हळू आवाजात बोलतो, जसं काही शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. ‘मित्रा… डाग तर मशीनही पुसतं… पण तुझी स्टाईल कुठाय? तुझा फोटो लांबून बघून लोक म्हणाले पाहिजेत, हा त्याचा हात. मित्रा… हात ओळखू आला पाहिजे.’ मी चहाचा कप तसाच हातात धरून बसलो. अहो, अंगावर काटा आला. म्हटलं, हेच. समोरच्याकडे मशीन आहे, आपल्याकडे हात आहे. हात ओळखू आला पाहिजे, बास.

पण हात आणायचा कुठून? गुरू म्हणाला, आधी तुझा रंग शोध. मी शोधला. संध्याकाळचं ऊन मला फार आवडतं, तर मी प्रत्येक फोटोला संध्याकाळ करायला लागलो. पहिला फोटो माझ्या साडूचा, घरचंच माणूस, काही झालं तर भांडण घरातच. दुसऱ्या दिवशी मेहुणीचा फोन. ‘भाऊजी, ह्यांना कावीळ झालीय असं तुम्हाला वाटत असेल तर आधी मला सांगायचंत, शेजारणींना फोटो दाखवून बसले मी.’ ती संध्याकाळ तिथंच मावळली.

मग निळा-हिरवा केला, सिनेमात असतो ना, तसा. पहिलं गिऱ्हाईक दातांचे डॉक्टर. नवीन दवाखान्यात लावायला मोठा फोटो हवा होता. मी काय सुंदर निळा काढला हो, डोळ्यांखाली सावल्या, चेहरा गंभीर, पाठीमागं धुकं. डॉक्टरांनी लावला आणि आठवड्यानं काढून आणला. म्हणाले, ‘पेशंट दारातून परत जातायत.’

तेव्हा मी रंग सोडला आणि कातडीला लागलो. गुळगुळीत करायचं ठरवलं. असं गुळगुळीत की माशी बसली तर घसरली पाहिजे. आले आमचे पोस्टमनकाका, रिटायर झाले म्हणून फोटो काढायला. मी दोन दिवस लावले. एक रेघ ठेवली नाही चेहऱ्यावर. काकांनी फोटो घेतला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अगदी शांतपणे म्हणाले, ‘अडतीस वर्षं उन्हातान्हात हिंडून ह्या सुरकुत्या कमावल्या होत्या रे मी. तू एका बैठकीत इस्त्री फिरवलीस.’

खरं सांगतो, त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. म्हटलं, पुसायला काय अक्कल लागते? ठेवायचं काय, हे कळलं पाहिजे. सुरकुती ठेवायची, फक्त तिची दमणूक कमी करायची. डाग काढायचा, पण खालची कातडी जिवंत राहिली पाहिजे, बारीक छिद्रं, बारीक लव, सगळं. काकांचा फोटो तसा पुन्हा केला, तर काका खुदकन हसले. सापडला हो हात! मी आनंदानं त्यांच्याकडून फ्रेमचेसुद्धा पैसे घ्यायचे विसरलो, यावरून काय ते समजा.

फक्त एक अडचण होती. डाग काढला की तिथं भोक पडतं, ते बुजवायला चांगल्या कातडीचा तुकडा लागतो. तुकडा उचलायचा, इथं लावायचा, जरा घासायचा, मिसळून जातो. पण गिऱ्हाइकाच्या गालावर चांगला तुकडाच नसला तर उचलायचा कुठून? तर एका सकाळी आमची ही डबा घेऊन दुकानात आली. खिडकीपाशी उभी राहिली, उजव्या गालावर कोवळं ऊन, आणि मी बघतच राहिलो. ती म्हणाली, ‘असं काय बघताय?’ मी म्हटलं, ‘हलू नकोस.’ खट्. तिला वाटलं, सव्वीस वर्षांनी नवऱ्याला कौतुक सुचलं. दिवसभर गुणगुणत होती बिचारी. आणि मी इकडे तिच्या उजव्या गालाचा तळहाताएवढा तुकडा कापून कॉम्प्युटरमध्ये ठेवला, ‘एक नंबर माल’ असं नाव देऊन.

काय माल होता तो! कुणाच्याही गालाला लावा, रंग जरा काळा-गोरा करा, चपखल. धंदा सुधारला. लोक म्हणायचे, चेहरा आमचाच आहे, पण काहीतरी गोड झालंय. काय झालंय ते सांगता येत नाही. मी मनात म्हणायचो, हात आहे बाबांनो, हात.

आणि मग शाळेच्या मोठ्या बाई आल्या. मुख्याध्यापिका. पायरीवरच उभ्या राहून बोलतात, जसं काही आपण वर्गाबाहेर काढलेले. ‘हे पाहा, शाळेला पन्नास वर्षं होतायत. हॉलमध्ये सगळ्या शिक्षकांचे फोटो लावायचेत. बत्तीस शिक्षक आणि एक शिपाई. हे काम तुम्हाला देते. पण दरवर्षीचं काम, ओळखपत्रं, वर्गांचे फोटो, ते तुम्हाला की समोरच्यांना, हे मी हॉलमधले फोटो बघून ठरवीन.’ दरवर्षी बाराशे मुलं, हो! ते काम मिळालं तर माझी मागची खोली टिकली, नाहीतर स्टूल विकायचं आणि पुन्हा पुठ्ठे कापायचे.

मी एक महिना घाम गाळला. गणिताच्या सरांच्या कपाळावरची आठी ठेवली, कारण ती काढली तर मुलं ओळखणार नाहीत. रसायनाच्या बाईंचा गालावरचा भाजल्याचा डाग त्यांनीच काढायला सांगितला, तो काढला. पीटीच्या सरांच्या मिशीचा एक केस हलवला नाही. आणि प्रत्येकाचा उजवा गाल, उजेड तिथंच पडतो ना, एक नंबर मालानं असा तुकतुकीत केला की बघत राहावं. फक्त शिपाईमामा अडून बसले. ‘मला काही लावू नको. आहे तसा ठेव. माझ्या तोंडाला कुणी हात लावलेला मला चालत नाही.’ म्हटलं, राहिलं.

कार्यक्रमाचा दिवस. हॉल गच्च. आमची हीसुद्धा नवीन चपला घालून पहिल्या रांगेत. समोरचाही आलेला, कोपऱ्यात, हाताची घडी घालून. पडदा बाजूला झाला, टाळ्या, आणि लोक म्हणायला लागले, वा, सगळे कसे एका घरातले वाटतायत. माझी छाती फुगली. हात ओळखू आला होता!

तेवढ्यात शिपाईमामा उठले. फोटो भिंतीवर त्यांनीच लावले होते, शिडीवर चढून, एकेक चेहरा हातभर अंतरावरून बघून. सरळ माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बत्तीस जणांच्या गालावर तीळ लावलास. मलाच का नाही? शिपाई म्हणून?’

कसला तीळ? मी हसलो. मग भिंतीकडे बघितलं. आणि तुम्हाला सांगतो… गणिताचे सर, उजव्या गालावर, डोळ्याच्या खाली दोन बोटं, मोहरीएवढा तीळ. रसायनाच्या बाई, तीळ. पीटीचे सर, एवढी मिशी आणि वर नाजूक तीळ. ओळीनं बत्तीस. तो तुकड्यातच होता हो! पहिल्यापासून होता. मला दिसला कसा नाही? अहो, सव्वीस वर्षं रोज जेवताना समोर तोच गाल, डोळ्याला त्याची इतकी सवय की तीळ दिसायचाच बंद झालेला. मला वाटायचं गाल म्हणजे असाच असतो.

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पीटीचे सर गाल चोळायला लागले. समोरच्यानं हाताची घडी सोडली, चेहऱ्यावर अशी दया, की मला त्याच्या काचेच्या दारावर जाऊन आपटावंसं वाटलं. मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या. ‘हे काय आहे?’

आता बघा, आयुष्यभर माल विकलाय मी. लाकडाला गाठ असली तर गिऱ्हाइकाला काय सांगायचं? ‘साहेब, गाठ म्हणजे अस्सल लाकडाची खूण.’ जीभ आपोआप वळली. म्हणालो, ‘बाई, ती आमच्या हातची खूण. चित्रकार कोपऱ्यात सही करतो, आम्ही गालावर करतो. एका शाळेची माणसं एका खुणेनं ओळखू आली पाहिजेत, म्हणून मुद्दाम.’ बाईंनी पुन्हा भिंतीकडे बघितलं. मान हलवली. म्हणाल्या, ‘कल्पना चांगली आहे. आधी विचारायला हवं होतं. ओळखपत्रांचं काम तुमचं. आणि शिपायांनाही लावा.’

जिंकलो! समोरचा निघून गेला, मामा खूश, टाळ्या पुन्हा. आणि मी वळून पहिल्या रांगेत बघतो तर आमची ही. एक हात उजव्या गालावर. भिंतीवर बत्तीस वेळा स्वतःचा तीळ बघत बसलेली.

घरी पोचलो. दाराची कडी लावल्यावर म्हणाली, ‘त्या पीटीच्या सरांच्या तोंडावर माझा गाल?’ मी म्हटलं, ‘सगळा नाही, थोडासा.’ ‘त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही माझा फोटो काढताय.’ मी म्हटलं, ‘अगं, मुद्दाम नाही, तो तीळ मला दिसलाच नाही.’ ‘आणि तीळ दिसला नाही म्हणे. सव्वीस वर्षं समोर बसून दिसला नाही.’ ह्याला उत्तर आहे का तुमच्याकडे? असेल तर द्या, मी अजून शोधतोय.

त्यात धंदा असा उसळला की विचारू नका. लोक आता घराच्या दारातसुद्धा येऊन तीळच मागतात. ‘तो शाळेतल्यासारखा लावा.’ बँकेतले, दवाखान्यातले, सरकारी कचेरीतले. आणि ही आतून ऐकते आणि भांडी जरा जोरात ठेवते.

मग गेल्या महिन्यात हिचं ओळखपत्र नवीन करायचं निघालं. म्हटलं, संधी आहे. स्टुलावर बसवलं, खिडकी नीट केली, आणि म्हटलं, ‘आज फक्त तुझा फोटो. कुणाचा गाल नाही, कुणाचं काही नाही.’ चार दिवस बसलो. डोळ्यांशेजारच्या रेघा तशाच ठेवल्या, कारण त्या ती हसते तिथल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्यामुळे आहेत. असा फोटो मी आयुष्यात केला नाही. तिनं बघितला. आणि त्या दिवशी भांडी हळू ठेवली.

गेलो कचेरीत दोघं. ती पुढं, मी मागं फाइल धरून. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज बघितला, फोटो बघितला, हिच्याकडे बघितलं, पुन्हा अर्ज. मग वाचलं, ‘ओळखीची खूण, उजव्या गालावर तीळ. बाई, फोटोत तीळ कुठाय?’

काय सांगू… हात हो, हाताची सवय. चेहरा दिसला की आधी सगळे ठिपके पुसायचे, मग तुकडा लावायचा. ह्या वेळी तुकडा लावायचा नाही असं ठरवलं होतं ना? नाही लावला. आख्ख्या गावाच्या गालावर हिचा तीळ, आणि हिच्या गालावर नाही.

ही हळूच वळली. माझ्याकडे नुसतं बघितलं. मी फाइलमध्ये तोंड घातलं. आणि तो कारकून, चांगला माणूस, वाईट वाटलं असेल त्याला, गळ्यातलं स्वतःचं ओळखपत्र पुढं करून दाखवायला लागला. त्याच्या गालावर काही नाही, ओळखपत्रावर मात्र, उजवीकडे, दोन बोटं खाली.

म्हणाला, ‘बाई, काळजी करू नका. शाळेजवळ एक फ्रेमवाला आहे, त्याच्याकडे जा. तो बरोब्बर इथंच तीळ लावून देतो. बघा, दिसतोय ना? त्याचा हात लगेच ओळखू येतो.’