बाराचा स्क्रू

भिंगरी : ...आणि मग मी परीक्षणात लिहिलंय, ‘या कादंबरीला मी पाचपैकी दोन तारे देते. तेही दयेपोटी.’

मावशी : अगं, चाळीस वर्षांचं म्हातारं पुस्तक ते. वडीलधाऱ्यांशी असं बोलतात होय? तो छोटा स्क्रू-ड्रायव्हर दे इकडे. या पंख्याची जाळी बसवते एकदाची.

भिंगरी : म्हातारं म्हणून तर दोन दिले! मावशी, अडकलेल्या पाणबुडीची एवढी मस्त गोष्ट, आणि कप्तान करतो काय? शत्रू आला, ‘लाल कळ दाबली’. देवमासा आला, लाल कळ. हवा संपली...

मावशी : लाल कळ.

भिंगरी : तुला पाठ आहे की!

मावशी : असणारच. अख्खं पुस्तक मी टाइप केलंय. तुझी आई तेव्हा बालवाडीत होती. लेखकमहाशयांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. तीनशे पानं मुंग्या निवडत बसले होते, पहिल्यावहिल्या नोकरीत. वाच पुढं. उद्या वर्गात वाचायचंय ना?

भिंगरी : हो. ऐक. ‘मात्र पान एकशे त्रेचाळीस वेगळं आहे. तिथे रेडिओ बंद पडतो आणि लाल कळ कुठेच नाही. कप्तान रेडिओ उघडतो, काढलेले स्क्रू एका बशीत घड्याळाच्या आकड्यांसारखे गोल मांडतो आणि रेडिओला विचारतो, बाळा, कुठं दुखतंय? हे वाचताना मला पहिल्यांदाच वाटलं, हा खरा माणूस आहे.’

मावशी : परत वाच.

भिंगरी : सगळं?

मावशी : शेवटचं वाक्य.

भिंगरी : ‘हे वाचताना मला पहिल्यांदाच वाटलं, हा खरा माणूस आहे.’ पण पुढं चूक पण काढलीय हं. ‘कप्तान सगळे स्क्रू परत लावतो, पण शेवटचा, बाराच्या जागेवरचा, तसाच खिशात टाकतो. लेखक बहुधा विसरला.’

मावशी : विसरला नाही गं.

भिंगरी : मग?... थांब. थांब थांब. ही तुझी बशी... मावशी, तुझे स्क्रू पण गोल मांडलेत!

मावशी : पेटली बाई ट्यूब, उशिरा का होईना.

भिंगरी : म्हणजे ते पान...

मावशी : मी लिहिलंय. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्यांच्या वहीवर माझा चहा सांडला. शाईचं पेन, पानाची नुसती निळी आमटी झाली. वर एवढंच उरलं, ‘कप्तानाने रेडिओ उघडला’, आणि पुढच्या पानावर ‘रेडिओ बोलू लागला’. मधलं सगळं वाहून गेलं.

भिंगरी : मधे लाल कळच असणार.

मावशी : मलाही तसंच वाटतं. पण विचारायची सोय नव्हती. महाशय म्हणजे जमदग्नीचा अवतार, संध्याकाळी कागद न्यायला येणार, आणि मला नोकरी लागून महिनाही झालेला नाही. मग मी कप्तानाच्या खुर्चीत बाबांना बसवलं.

भिंगरी : आजोबांना?

मावशी : हो. तू पाहिलंच नाहीस त्यांना. दिवसभर लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. पहिला निघालेला स्क्रू बाराच्या जागी, मग एक, मग दोन. बसवताना उलटं यायचं. कुठलंही यंत्र असो, आधी त्याची विचारपूस, मग हात.

भिंगरी : लेखकांना कळलं नाही?

मावशी : कळलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी घरी बसले असते. जसंच्या तसं छापलं. तेव्हापासून वाट बघतेय बघ, त्या पानाबद्दल कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. वाईट बोललं असतं तरी चाललं असतं.

भिंगरी : आजोबांना दाखवलंस?

मावशी : वाचून दाखवलं. म्हणाले, ‘माणूस कसबी दिसतोय. फक्त धुळीवर फुंकर आधी मारायला हवी होती.’

भिंगरी : तो माणूस आपणच, हे ओळखलंच नाही त्यांनी?

मावशी : ओळखलं असणार. नंतर कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले होते.

भिंगरी : आणि तो खिशातला स्क्रू?

मावशी : शेवटचा स्क्रू बाबा कधी स्वतः लावत नसत. मी शेजारी बसलेली असायचे ना. बाराचा माझा. कप्तान तर समुद्राच्या तळाशी एकटा. द्यायचा कुणाला? मला काही सुचेचना, म्हणून टाकला खिशात.

भिंगरी : मग ‘विसरला’ खोडते. असं लिहू? ‘शेवटचा स्क्रू त्याने जपून ठेवला, घरी गेल्यावर कुणालातरी द्यायला.’

मावशी : लिही. पण माझं नाव कुठं यायला नको. आणि माझ्याकडं असं टकमका बघू नकोस. पंख्यात धूळ काय थोडी आहे, गेली डोळ्यात.

भिंगरी : मावशी, तू बाराचा कुणाला देतेस?

मावशी : बाबा गेल्यापासून माझा मीच लावते. तू कधी शेवटपर्यंत बसतेस का? भिंगरी ती भिंगरी. दोन स्क्रू होईतो पसार.

भिंगरी : आज बसलेय.

(मावशी बशी तिच्याकडे सरकवते. बशीत एकच स्क्रू उरलाय.)

भिंगरी : उजवीकडे फिरवायचा ना?

मावशी : उजवीकडेच. जोर नको लावूस. बसतो तो आपणहून.