पाचापैकी एक

—एक? जोराच्या शून्य ते पाच आकड्यांत आमच्या वाऱ्याला फक्त एक? अहो साहेब, हवामान खात्यातून एवढे किहीमपर्यंत आलात, जरा नीट बघा तरी — ती पोफळ बघा, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी झालीय. त्याच दुपारी उरणला वाऱ्याचा असाच भोवरा उतरला, माणगावला उतरला — त्यांना किती दिलेत? दोन! आणि वारा कुणी मोजलाच नाही, तर आकडा आणलात कुठून? — हां, काय पडलं नि काय टिकलं, त्यावरून. म्हणजे आमचं घर टिकलं, हाच आमचा गुन्हा.

ती झोपडी? ती धरूच नका. बुधाजीची ती, आमच्या गड्याची — नारळ उतरवायचा. कूड नि पत्रा, शिंकेनंसुद्धा पडली असती. तुम्हीच म्हणालात ना, कच्च्या बांधकामावरून जोर कळत नाही? मग झालं तर.

दाराकडे काय बघताय? सागवानी आहे, टिकलं. त्या खाचा होय — ठमीनं पाडल्यात, त्याच्या बायकोनं. कोयतीनं ठोकत होती. "काकू, दार उघडा, यांना पत्रा लागलाय, रगत थांबत न्हाय!" — ऐकू कसं नाही येणार, मी दाराला पाठ लावूनच उभी होते! आमचे हे, बापू, उठले होते उघडायला — मी म्हटलं, खबरदार. वारा आत शिरला की छप्पर उचलतो, असं तुमचं शास्त्रच सांगतं ना? सांगतं ना? मग माझं चुकलं कुठे? बघा, एक कौल हललेलं नाही.

गेला, हो. तिथेच, पायरीवर. धुतली मी पायरी. वारा पडल्यावरही ठमी तिथेच, त्याचं डोकं मांडीवर घेऊन — आणि मला काय म्हणाली ठाऊक आहे? काही नाही. साधी शिवीसुद्धा नाही. माजोरडी! सरळ माहेरी निघून गेली, बाग कोण शिंपणार याचा विचार नाही. बापूंना काही विचारू नका, ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत — जेवतात मात्र माझ्याच हातचं.

माणूस मेला तर आकडा वाढतो का हो? ...नाही? मग एवढं विचारलंत कशाला! एक म्हणे. म्हणजे कमजोर वारा. कमजोर वाऱ्यात दार उघडता आलं असतं, असंच ना? — म्हणाला नाहीत, पण तोंडावर दिसतंय तुमच्या. दोन करा. निदान दोन तरी करा, साहेब, बापूंना दाखवता येईल असं —

नाही? मग तो चहा ठेवा खाली. फाटक तिकडे आहे.