दार कोण वाजवतंय?

हसाल तुम्ही, पण ड्युसेलडॉर्फला टीम लीड झाल्यावरची माझी पहिलीच ऑनलाइन मीटिंग सासूबाईंनी गाजवली.

कागदावरचं सगळं काम नव्या सिस्टिमवर न्यायचं होतं आणि माझ्याहून वयाने मोठे जर्मन नाक मुरडत होते. शेवटी म्हटलं, "काम तुम्ही मला शिकवा, सिस्टिम मी तुम्हाला शिकवते." मग एकदम ठकठक!

सासूबाई पोळ्या सोडून दाराकडे धावल्या. "अगं, बाहेर कुणीच नाही!"

"आई, मीटिंगमधले लोक टेबल वाजवतायत. इथे टाळ्यांऐवजी असंच करतात."

"तुझ्यासाठी?" म्हणत त्यांनी हातातलं लाटणं माझ्या टेबलावर असं दणादण आपटलं, की स्क्रीनवरचे सगळे दचकले.

सगळ्यात जास्त कुरकुरणाऱ्या क्लाउसने विचारलं, "तुझं दार कोण वाजवतंय?"

म्हटलं, "दार नाही, सासूबाई आहेत. टाळ्या वाजवतायत."