चार तासांच्या आत

(जस्ताचा मुलामा देण्याचं छोटं वर्कशॉप. सकाळ. टाक्यांशेजारच्या बाकावर बहीण-भाऊ.)

ताई : हात पुस आणि नीट बघ. तुटलेल्या बोल्टाचा एक तुकडा पोलिसांनी नेला, हा ह्यांच्या डब्याच्या पिशवीत सापडला.

भाऊ : बघितला.

ताई : मग बोल ना. गंज आहे का? तुझे दाजी शुक्रवारपासून आत आहेत. म्हणे बोल्ट जास्त आवळला, म्हणून तुटला, इमारत रंगवायचा टांगता झुला खाली आला आणि रंगारी गेला. वीस वर्षं फिटरकी केलेल्या माणसाला पाना धरता येत नाही होय?

भाऊ : गंज नाही, ताई. जस्त छान बसलंय.

ताई : तूच सांगायचास, जस्त आधी स्वतः झिजतं, लोखंडाला काही होऊ देत नाही.

भाऊ : गंजापासून वाचवतं. हा आतून तुटलाय. दाजींची चूक नाही. माझी आहे.

ताई : नीट सांग.

भाऊ : माल ॲसिडात धुतो, मग टाकीत करंट सोडतो. दोन्ही वेळी हायड्रोजन सुटतो, थोडा पोलादात शिरतो. साध्या लोखंडाला चालतं. हे कडक पोलाद. मुलामा दिल्यावर चार तासांच्या आत भट्टीत तापवलं, तर वायू निघून जातो. नाहीतर वरून चकचकीत, आतून ठिसूळ. आवळल्यावर दोन-चार दिवसांत काडीसारखा तुटतो.

ताई : आणि तू तापवले नाहीस.

भाऊ : तापवले. दुसऱ्या दिवशी.

ताई : का रे?

भाऊ : तुमचं कपाट जिन्यात अडकलं होतं. तुझा फोन आला.

ताई : ...भट्टी काय पळून जाते का, असं म्हणाले होते मी.

भाऊ : तुला ठाऊक नव्हतं. मला होतं. वाटलं, एवढ्यानं काय होतंय.

ताई : पोलीस साहेबांपुढे सांगशील हे?

भाऊ : वर्कशॉप जाईल. मीही आत जाईन.

ताई : ते नाही विचारलं मी.

भाऊ : सांगेन.

ताई : का गेला होतास विचारलं, तर माझं नाव घे. आणि रडू नकोस. त्या दिवशी किती बोल्ट केलेस?

भाऊ : चाळीस. सगळे झुल्यांनाच लागलेत.

ताई : काम बंद आहे ना तिथलं?

भाऊ : कालपर्यंत होतं. आज आठला सुरू झालं.

ताई : मग आधी तिथे फोन लाव. कुणी उचलेपर्यंत लावत राहा.