आकृती वाकडी आहे

— नाही, बसत नाही. उभाच बरा. मधली सुट्टी संपेपर्यंतच बोलायचंय. तर बाई, आमच्या नातीच्या वहीत तांबडी फुली मारली ती तुम्हीच ना? — मग झालं. भांडायला नाही आलो. भांडायचं असतं तर एवढं हळू बोललो असतो का? हे उदाहरण बघा. त्रिकोण. वरच्या दोन बाजू सारख्या, तर खालचे दोन कोन सारखे, हे दाखवा. दाखवा म्हटलंय ना? म्हणून मी मोजलं. जन्मभर सुतारकाम केलं, मोजल्याशिवाय करवतीला हात लावला नाही. तर एक कोन बावन्न, दुसरा एकोणपन्नास! पुन्हा मोजलं, तेच. मग पोरीला म्हटलं, लिही — कोन सारखे नाहीत, आकृती वाकडी आहे, दुरुस्त करून आणावी. तिनं लिहिलं, अगदी सुवाच्य अक्षरात. — हसताय? वर्गही हसला म्हणे. तुम्ही मोठ्यानं वाचलंत ते.

असो. तुम्ही बरोबर शिकवता का, ते तपासायला आलोय. सोडवा फळ्यावर. सावकाश. मला येतं, तुमचं बघायचंय. — पक्ष, एबी बरोबर एसी. दिलेलं आहे. कुणी दिलं? मोजून दिलं की नुसतं तोंडानं? — मानायचं? बाई, असं मानून चाललो असतो तर माझं एक दार धड मिटलं नसतं! बरं, मानलं, तुमच्या शब्दाखातर. पुढं? — वरच्या कोनाचे मधोमध दोन भाग, तिथून खाली रेघ. कळलं. चिरलं मधून. आता त्रिकोण दोन. डाव्याची बाजू एबी, उजव्याची एसी, त्या सारख्या, कारण आपण मानल्यात. वरचा कोन निम्मा-निम्मा, तोही सारखा. आणि ही मधली रेघ कुणाची? — दोघांची? म्हणजे दोन भावांच्या खोल्यांमधली भिंत! असं सांगा की सरळ. बाजू, कोन, बाजू — तिन्ही जुळली, म्हणजे एकावर एक ठेवले की बसणार. मग खालचे कोन जातील कुठं? तेही बसले! — थांबा, पुसू नका. मोजलंच नाही की आपण. तुमचीही आकृती उजवीकडे झुकलीय — आणि तरी खरं? वाकडी असली तरी? ... हं. चमत्कारिक विद्या आहे. पुन्हा एकदा म्हणा बघू. विसरलो नाही हो, तुम्हाला पाठ आहे का ते बघतोय.

काय आहे, तिची आई कामावरून उशिरा येते. तोवर घरात आम्ही दोघंच. पोर वही घेऊन मला टेकून बसायची — आजोबा, हे कसं? मी चार बुकं शिकलेला, पण बेरजा म्हणा, अपूर्णांक म्हणा, माझ्यापुढे मुकाट सुटायचे. मग तो एक्स आला, त्यालाही दम देऊन वळणावर आणला. पण त्या फुलीपासून ती भिंतीकडे तोंड करून बसते. अडलं की शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडे पळते. काल म्हटलं, दाखव बघू, तर म्हणते, नको आजोबा, तुम्ही आराम करा. आराम! मी! — पाणी नको. मी काय आजारी आहे?

एक करा. घरी उदाहरणं देता ना, त्यातलं एखादं अवघड वर्गात समजावूच नका. आणि ते मला आधी दाखवत जा — तपासायला. — लबाडी? यात कसली लबाडी? मानायचं म्हणून आत्ता तुम्हीच शिकवलंत ना? मग माना, आजोबांना येतं. हा पक्ष. पुढची सिद्धता माझ्याकडे लागली.

— कोण? अगं, तूच? डबा खाल्लास? मग अशी दारात का थिजलीस? ये, आत कुणी नाही हसायला. सहज आलो होतो, बाईंचं काम बघायला. ठीक आहे त्यांचं. — काय म्हणालीस? मधली रेघ दोन्हीकडे का धरायची? बाईंनी सांगितलं तरी कळलं नाही? आणि मला विचारतेस? ... नाही नाही, विचार की! पुन्हा विचार. खडू आण इकडे. हे बघ, दोन भाऊ आहेत असं मान —

बाई, तुम्ही उभ्या का? बाहेर बसा जरा. आमचा अभ्यास चाललाय.